नाव जळगावात, दुखणं धुळ्यात

आमच्या दवाखान्यात तीन कॉम्प्युटर होते आणि तिघांचं आपसांत पटत नव्हतं. हे माझं मत नाही, नानांचं. नोकरीच्या पहिल्या दिवशी त्यांनी मला खुर्ची दिली नाही, पाणी विचारलं नाही, हे मात्र सांगितलं. एक मशीन जळगावच्या मुख्य दवाखान्यात, दुसरं आमच्याच ट्रस्टच्या धुळ्याच्या शाखेत आणि तिसरं औषधांच्या स्टोअरमध्ये. तीन देणगीदारांनी वेगवेगळ्या साली दिलेली, तिघांवरचे प्रोग्राम वेगवेगळ्या माणसांनी लिहिलेले. एकाची फाइल दुसऱ्याला वाचता येत नसे. नाना मध्ये बसून सोयरीक जमवावी तशी त्यांची जुळवाजुळव करत, आणि जमली की आपल्याच हाताने मोडून टाकत. ती का मोडतात हे मला फार उशिरा कळलं.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. नाना मूळचे केसपेपरच्या खिडकीवरचे कारकून. कॉम्प्युटर आले तेव्हा शिकायला जायला कुणी तयार होईना. तरुणांना वाटलं आपली नोकरी जाईल, डॉक्टरांना वाटलं हे आपलं काम नाही. नाना पन्नाशीला टेकले होते, ते गेले. परत आले ते मफलर गुंडाळूनच. अख्ख्या दवाखान्यात एसी एकच, तोही मशीनच्या खोलीत, त्यामुळे नाना बाराही महिने मफलर आणि बिनबाह्यांचा स्वेटर घालत. बाहेर पडताना काढायचं लक्षात राहत नसे. जळगावच्या मे महिन्यात, भर दुपारी, मफलर बांधून सायकलवरून जाणारा हा उंच किडकिडीत माणूस पाहून नवी माणसं थांबून बघायची. आमचे मोठे डॉक्टर काही ना काही निमित्त काढून त्या खोलीत येऊन बसत. नाना त्यांना उठवत. म्हणत, "हा गारवा मशीनचा हाये साहेब. मानसाले बाहेर लिंबाचं झाड हाये."

गावात नानांची ख्याती शिष्ट म्हणून होती. रस्त्यात ओळखीचा माणूस समोरून आला तरी हे आपण होऊन नमस्कार करत नसत. समोरच्याने केला तर तोंडभर हसत, घरच्यांची चौकशी करत, सायकलवरून उतरून चहाला नेत. मी एकदा कारण विचारलं. ते म्हणाले, आपण दवाखान्यातली माणसं. त्याच्यासोबत त्याचा व्याही असेल, मालक असेल. आपण नमस्कार केला की तो विचारणार, ह्यांची-तुमची ओळख कुठली? मग त्या बिचाऱ्याने काय सांगावं? मला तेव्हा हा निव्वळ चक्रमपणा वाटला होता.

आणखी एक त्यांचं खूळ म्हणजे आईचं माहेर. आमच्याकडे एकेका गावात एकाच नावाची, एकाच आडनावाची माणसं पोतंभर. त्यातून मुलगी लग्न होऊन गेली की तिचं नाव, आडनाव, गाव सगळंच बदलणार. दोन मशीनमधला माणूस एकच आहे की वेगळा, हे ओळखायचं कशावरून? नानांनी प्रत्येक नावापुढे एक रकाना वाढवला, आईचं माहेर. खिडकीवर ताप घेऊन आलेला माणूस कावून जायचा. माझं डोकं फुटतंय आणि तुम्हाला माझ्या आजोळाचं काय पडलंय, म्हणून भांडायचा. नाना शांतपणे वाट पाहत. सासर बदलतं, नाव बदलतं, आईचं माहेर कुणाला बदलता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. पुण्याहून आलेला प्रोग्रामवाला ह्यावर पोट धरून हसला होता. त्याच मुलाने ट्रस्टला सुचवलं की तिन्ही मशीन वायरने जोडून सगळं एका ठिकाणी आणा. नाना म्हणाले, एका ठिकाणी म्हणजे एका कुलपात, चोराची सोय. त्यावर विषय राहिला.

तर आता त्या मोडलेल्या सोयरिकीचं सांगते. आमच्या दवाखान्यात डोळे, दात, बाळंतपण सगळं होतं, पण धुळ्याच्या शाखेत मुख्य काम कुष्ठरोगाचं होतं. औषध निघालं होतं, माणसं पूर्ण बरी होत होती, पण लोकांच्या जिभा बऱ्या झाल्या नव्हत्या. नानांनी काय केलं, सगळ्या पेशंटांची नावं, मग तो दाढेचा असो की चट्ट्याचा, जळगावच्या मशीनमध्ये एकत्र ठेवली. कोण कशासाठी आलं ते तिथे नाही. धुळ्याच्या मशीनमध्ये दुखणं आणि गोळ्या, पण फक्त नंबरावर. तिथे नाव नाही. पेशंटच्या कार्डावर तोच नंबर, त्यामुळे डॉक्टरांचं रोजचं काम अडत नसे. राहिला धागा, म्हणजे कुठलं नाव कुठल्या नंबराचं. ती फाइल ह्याही मशीनमध्ये नाही आणि त्याही नाही. ती फ्लॉपीवर, आणि फ्लॉपी जळगावजवळच्या असोदा गावी नानांच्या मोठ्या बहिणीच्या घरी, जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळून, कडीच्या डब्यात, मांडणीच्या वरच्या फळीवर.

"बठ्ठ्या पोरी एका गावात देऊ नये," नाना म्हणत. "गावात पटकी आली तं एका दमात बठ्ठ्या जातीन."

आणि पोरी म्हटल्या की त्यांना माहेरी आणणंही आलं. आमच्या खानदेशात सासुरवाशिणी आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, माहेरी येतात, झोके बांधतात, आमरस होतो. आखाजीच्या आठवड्यात नाना धुळ्याच्या नोंदींची फ्लॉपी आणायला एसटीने जात. तिचा डबा मांडीवर घेत नसत, खिडकीशी त्याला जागा देत आणि त्याचं हाफ तिकीट काढत. त्या मार्गावरचे कंडक्टर त्यांना ओळखून होते, आणि लेकरू मोठं कधी होणार म्हणून चेष्टा करत. मग असोद्याचीही फ्लॉपी आली की जळगावला नाव, दुखणं आणि धागा एकत्र येत. ज्यांनी गोळ्या मध्येच सोडल्या असतील तेवढ्यांची नावं काढून ती मोठ्या डॉक्टरांच्या हातात देत, म्हणजे ते स्वतः जाऊन समजूत घालतील. फ्लॉप्यांना बुरशी येते, म्हणून सगळं नव्या फ्लॉप्यांवर उतरवून घेत आणि पुन्हा ज्याचं त्याला ज्या त्या गावी पोचवत. मशीन नावं जुळवत असताना नाना स्क्रीनचं बटण फिरवून ती काळी करत आणि प्रिंट निघाली की डॉक्टरांनाच फाडून घ्यायला लावत. मशीनला दिसलं म्हणजे झालं, आपल्याला कशाला दिसायला हवं, असं विचारत.

हे सगळं मी थट्टेने सांगते आहे, पण तेव्हा मला थट्टा सुचत नव्हती. कारण त्या तीन गावांत मीही होते. शाळेत असताना माझ्या डाव्या हातावर, कोपराखाली, एक फिकट चट्टा उठला. वडिलांनी मला जळगावात दाखवलं नाही, धुळ्याला नेलं, मावशीकडे जातो असं सगळ्यांना सांगून. महिन्याची मोठी गोळी घेतली की लघवी लाल व्हायची आणि मी घाबरून रडायचे. कोर्स पूर्ण झाला, मी बरी झाले. चट्ट्याच्या जागी हाताला स्पर्श तेवढा कळेना. आईवडिलांनी ती गोष्ट घरातल्या घरात पुरून टाकली. ह्या दवाखान्यात नोकरी मिळाली तेव्हा वडील दोन दिवस जेवले नाहीत. पहिल्याच आठवड्यात मी चोरून माझं नाव शोधलं. नाव होतं, आईचं माहेर होतं, दुखणं कुठेच नव्हतं. मला किती हायसं वाटलं हे आज लिहितानाही आठवतं.

त्या वर्षी आखाजीला नानांनी मला असोद्याला नेलं. त्यांच्या बहीण, अक्का, चुलीवर खापर पालथं घालून मांडे करत होत्या. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं आत वळलेली होती, तरी पातळ मांडा त्या मनगटावर असा झुलवत की पाहत राहावं. मी जवळ बसून मदत करायला गेले. बोलता बोलता माझा डावा हात खापराच्या कडेला लागला. मला कळलंच नाही. अक्कांना कळलं. त्यांनी माझा हात हळूच बाजूला घेतला, लाल झालेल्या जागी तूप लावलं आणि काहीही न विचारता पुढचा मांडा टाकला. नाना ओट्यावर आमरस खात होते. त्यांना काही दिसलं नाही.

अक्कांची गोष्ट मला गावातच कळली, ती झाकलेली नव्हतीच. लग्नानंतर काही वर्षांत त्यांना हे दुखणं झालं. औषध सुरू होतं. एके दिवशी सर्वेक्षणाचा माणूस सासरच्या गावात आला आणि चावडीवर उभं राहून त्याने यादीतली नावं मोठ्याने वाचली, औषध घेऊन जा म्हणून. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, पायपीट वाचवत होता बिचारा. संध्याकाळी अक्कांची ट्रंक अंगणात आली. धाकटे भाऊ त्यांना बैलगाडीतून घेऊन आले, ते नाना.

मला स्थळ आलं ते पुढच्या वर्षी. मुलगा पाइपच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन, घर धुळ्याचं, माणसं चांगली. बघण्याचा कार्यक्रम झाला, पसंती झाली. मग त्याच्या मामांच्या कानावर काहीतरी गेलं. कुणीतरी मला लहानपणी धुळ्याच्या दवाखान्याच्या बाकावर बसलेलं पाहिलं होतं. आणि हे मामा आमच्या ट्रस्टवर होते. ते सरळ मशीनच्या खोलीत आले आणि मला चहा सांगायला बाहेर पाठवलं. मी चहा सांगितला आणि खिडकीखाली उभी राहिले. हे लग्न मोडलं तर कारण गावभर होणार होतं आणि मग माझं दुसरीकडे लग्न जमणं तर सोडाच, वडिलांना रस्त्याने चालणं कठीण होणार होतं.

मामा म्हणाले की एकच नाव पाहायचं आहे, कुणाला कळणार नाही. नानांनी आखाजीला या असं सांगितलं. मामा चिडले. "मशीन आम्हना ट्रस्टनं शे," ते म्हणाले. "तुम्ही कोण आम्हले नाही म्हननारा?" नाना म्हणाले, ट्रस्टचं आहे ना, मग ट्रस्टने लेखी सांगावं. मामा म्हणाले की लेखीच सांगतो, आणि सोबत तुमच्या जागी दुसरा माणूसही बघतो.

बैठक झाली. विषय होता, गोपनीय माहिती विश्वस्तांना पाहता यावी. नाना बैठकीला गेले ते प्रिंटर घेऊन. शिपायाने मशीन ढकलत आणलं, मी कागदाचं खोकं धरून मागे. धुळ्याची, जळगावची, असोद्याची, तिन्ही फ्लॉप्या नानांनी टेबलावर मांडल्या. मला वाटलं, नाना हरले आणि आपणही संपलो.

नाना उभे राहून म्हणाले, आज्ञा झाली तर मी ऐकणार. पण एक नाव मी काढणार नाही. एक काढलं तर कुणाचं ते मला कळेल, आणि मला ते कळायला नको आहे. काढीन तर सगळी यादी काढीन, सुरुवातीपासूनची, आईच्या माहेरासकट, आणि साहेबांपैकी कुणीतरी ती इथे मोठ्याने वाचावी. इतिवृत्तात नोंद राहील. मग त्यांनी प्रिंटरचं बटण दाबलं. त्याचं छापायचं डोकं खडखडत एकदा त्या टोकाला गेलं आणि परत आलं.

ट्रस्ट जुना होता. त्या टेबलाभोवती बसलेल्या प्रत्येकाची बहीण, सून, काका, चुलतभाऊ, कुणी ना कुणी ह्या दवाखान्याची पायरी चढलेलं होतं आणि कशासाठी हे सगळ्यांनाच ठाऊक होतं असं नाही. एकाने चष्मा पुसायला घेतला. मामा वर पंख्याकडे पाहू लागले. अध्यक्ष म्हातारे होते. बराच वेळ त्यांनी टेबलावरच्या फ्लॉप्यांकडे पाहिलं आणि म्हणाले, "पुढचा विषय घ्या."

नाना बसले नाहीत. म्हणाले, "यादी पाहिली नाही आणि पाहायची नाही, असं लिहा मग." तसं लिहिलं गेलं.

प्रिंटर परत नेऊन मी झाकण उघडलं तर आत शाईची रिबनच नव्हती. नानांनी स्वेटरच्या खिशातून ती काढून दिली. पांढऱ्या स्वेटरला काळाकुट्ट डाग पडला होता. त्यांनी काढा म्हटलं असतं तर, मी विचारलं. तर कोरा कागद वाचला असता साहेबांनी, नाना म्हणाले आणि स्वेटरकडे पाहून फार हळहळले. अक्कांनी विणलेला होता तो.

धाग्याची फ्लॉपी असोद्याला ठेवायला त्यांनी मला पाठवलं. अक्कांनी डबा फळीवर ठेवला आणि मला शेजारी बसवून घेतलं. स्थळाचं त्यांच्या कानावर आलेलं होतं. मी रडत रडत सांगितलं की आता कुणाला कळणार नाही, नानांनी वाचवलं. अक्कांनी माझा डावा हात आपल्या वाकड्या बोटांत घेतला.

"नानानं कुलूप लावलं, ते चांगलं केलं," त्या म्हणाल्या. "पन त्या घरात तुले राहायचं हाये. माह्यं दुसऱ्यानं वाचलं, माय. तुह्यं तूच वाच."

मला त्यांचा राग आला होता. इतकं सगळं निभावल्यावर आपणच आपल्या हाताने विहिरीत उडी टाकायची? दोन दिवस मी कुणाशी नीट बोलले नाही. मग कारखान्याची पाळी सुटायच्या वेळी मुलाला निरोप धाडला आणि आम्ही बस स्टँडच्या कॅन्टीनमध्ये भेटलो. मी सगळं सांगितलं. धुळ्याचं बाक, लाल लघवी, वडिलांचं खोटं बोलणं, सगळं. ते चहा ढवळत राहिले. साखर केव्हाच विरघळली असेल.

"कुठे होता चट्टा?" त्यांनी विचारलं.

मी बाही वर केली. त्यांनी बोट ठेवलं. "कळतंय?"

"नाही."

त्यांनी बोट थोडं खाली सरकवलं. "इथे?"

"इथेही नाही."

बोट मनगटापाशी आलं. "आणि इथे?"

"इथे कळतंय," मी म्हणाले. त्यांनी ते बोट तिथून काढलं नाही. मामांचं मी बघतो, एवढंच बोलले आणि चहा संपवेपर्यंत तसेच बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी मी नानांसमोर जाऊन उभी राहिले. ज्या माणसाने माझ्यासाठी नोकरी पणाला लावली त्याला ती कुणासाठी लावली हे कळलंच पाहिजे, असं मला अगदी आतून वाटत होतं. मी म्हटलं, "नाना, मी काल त्यांना सांगितलं. त्या यादीत माझं..."

नानांनी हात वर केला. "त्याले सांगितलं?"

"हो."

"मंग बस झालं. मले नको सांगू."

मी चिडले. म्हटलं, केलंत कुणासाठी, ते तरी समजून घ्या. एवढा मोठा उपकार आणि तुम्हाला त्याचा पत्ताही नको?

नानांनी मफलर सोडला, पुन्हा बांधला. अशी त्यांची सवय होती, बोलणं जड गेलं की. मग म्हणाले, "पोरी, मले कळलं तं मी तुह्याकडे पाहीन तव्हा पयले तेच दिसंन. आज मले तू दिसते."

मग त्यांनी मला स्टोअरची फाइल उघडायला सांगितली. मी उघडली. मला रडू आवरत नव्हतं, आणि नाना शेजारी बसून खोकल्याच्या औषधाचा साठा वाचून दाखवत होते.